लॅपटॉपवर दोन विंडो शेजारी-शेजारी: कशा लावायच्या आणि कुठे अडतं

डावीकडे इंग्रजी परिपत्रकाची पीडीएफ, उजवीकडे वर्डमध्ये त्याचं मराठी. डावीकडे बँकेचं स्टेटमेंट, उजवीकडे एक्सेल. डावीकडे गुणपत्रिकेची स्कॅन प्रत, उजवीकडे शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म. स्क्रीन दुभागण्याचा खरा उपयोग अशा कामांना होतो. दिसायला ती दोन असली तरी काम एकच असतं: इकडे वाचायचं, तिकडे उतरवायचं. दर वेळी विंडो बदलत बसलं की खाते क्रमांकाचे मधले दोन अंक डोक्यातून निसटतात आणि परत मागे जावं लागतं. दोन्ही विंडो समोर असल्या की लिहितालिहिताच ताळा होतो.

अर्ध्या स्क्रीनवर काम आणि अर्ध्यावर व्हॉट्सॲप वेब, अशी जोडी मात्र लावू नका. त्यात एका विंडोचा दुसरीशी संबंध नसतो, कामाची जागा निम्मी होते आणि दर मेसेजला नजर तिकडे जाते. जोडी लावण्याआधी एवढंच बघा की डावीकडचं वाचून उजवीकडे काही लिहायचं आहे का. नसेल तर पूर्ण स्क्रीनच बरी.

आधी रुंदीचा हिशेब

लॅपटॉपच्या खोक्यावर १९२० × १०८० छापलेलं असलं तरी तेवढी रुंदी तुमच्या वाट्याला येतेच असं नाही. अक्षरं वाचता यावीत म्हणून १४ ते १५.६ इंची स्क्रीनवर विंडोज बहुतेक वेळा आपणहून १२५ किंवा १५० टक्के स्केल लावते, म्हणजे सगळं तेवढ्या प्रमाणात मोठं करून दाखवते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, त्यात स्केल, इथे तो आकडा दिसतो. १९२० ला त्याने भागलं की कामाची खरी रुंदी कळते: १२५ टक्क्यांना १५३६, १५० टक्क्यांना १२८०. तिचा अर्धा भाग ७६८ किंवा ६४० पिक्सेलचा. जुन्या १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर स्केल सहसा १०० असतो, तिथे अर्धा भाग ६८३ चा. म्हणजे १५० टक्के स्केल असलेल्या नव्या लॅपटॉपवरची अर्धी विंडो जुन्या लॅपटॉपवरच्या अर्ध्या विंडोपेक्षा अरुंद असते. ‘फुल एचडी घेतला तरी जागा पुरत नाही’ ही तक्रार इथून येते.

हा आकडा दोन ठिकाणी आडवा येतो. वर्डमध्ये १०० टक्के झूमला ए४ पान साधारण ७९४ पिक्सेल रुंद असतं, त्यामुळे वरच्या तिन्ही मापांत ते पुरतं मावत नाही आणि प्रत्येक ओळीला पान आडवं सरकवावं लागतं. दुसरं ठिकाण वेबसाइटचं. रुंदी ७६८ च्या आसपास किंवा त्याखाली आली की कित्येक साइट मोबाइलसारखी मांडणी घेतात: वरचा मेन्यू तीन रेघांच्या खुणेत लपतो, शेजारी-शेजारी असलेले रकाने एकाखाली एक जातात. फॉर्म भरताना एखादं बटण अचानक ‘गायब’ होतं, ते बहुतेकदा याच कारणाने.

यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि सगळ्यात सोपा, ब्राउझरचा झूम कमी करणं. कंट्रोल दाबून वजाचं चिन्ह दोन-तीनदा दाबा. झूम ८० टक्के केला की ६४० ची विंडो साइटच्या लेखी ८०० ची होते आणि मूळ मांडणी परत येते. क्रोम हा झूम प्रत्येक साइटसाठी वेगळा लक्षात ठेवतं. त्यामुळे एकच साइट दोन विंडोंत उघडली असेल तर दोन्हीकडे झूम बदलतो. ते ब्राउझर बिघडल्याचं लक्षण नाही. दुसरा उपाय, तेवढ्या कामापुरता स्केल एक पायरी खाली आणणं, १५० वरून १२५. तिसरा आणि आमच्या मते सर्वात चांगला, स्क्रीन निम्मी-निम्मी करायचीच नाही. जिथे लिहायचं तिला ६० टक्के, जी नुसती बघायची तिला ४० टक्के. १५३६ च्या स्क्रीनवर लिहिण्याच्या विंडोला सुमारे ९२० पिक्सेल मिळतात आणि त्यात ए४ पान पूर्ण मावतं.

मराठी मजकुरात झूम फार खाली नेऊ नका. ७५ टक्क्यांवर रोमन अक्षरं ओळखू येतात, पण देवनागरीतली वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार आहे की नाही, हे कळेनासं होतं आणि नेमक्या त्याच चुका मुद्रितात राहतात. जागा कमी पडत असेल तर वर्डमध्ये झूम कमी करण्याऐवजी व्ह्यू टॅबमधून वेब लेआउट निवडा. त्यात पानाच्या कडा जातात आणि ओळ विंडोच्या रुंदीप्रमाणे मोडते, अक्षर मोठंच राहतं. काम झालं की प्रिंट लेआउटवर परत या. फाइलमधल्या मांडणीला धक्का लागत नाही.

विंडोजवर

ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. विंडोज १० मध्ये कोपऱ्यात चौथाई भाग लावता येऊ लागला, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये तयार मांडण्या आल्या. मूळ कृती मात्र तीच आहे आणि ती कीबोर्डवरूनच करावी. टचपॅडवर शीर्षकपट्टी धरून कडेपर्यंत ओढत नेताना बोट मध्येच सुटतं.

१. जी विंडो डावीकडे हवी तिच्यावर एकदा क्लिक करा.
२. विंडोज की दाबून ठेवून डावा बाण दाबा. विंडो डावा अर्धा भाग व्यापते.
३. उरलेल्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी चित्रं दिसतात. हवी तिच्यावर क्लिक करा, किंवा बाणांनी निवडून एंटर दाबा.
४. दोन्हींच्या मधल्या सीमेवर कर्सर न्या. तो दुहेरी बाणाचा झाला की धरून डावीकडे-उजवीकडे ओढा. एक विंडो आकसते तशी दुसरी रुंदावते.

चौथी पायरी पुष्कळ जण करतच नाहीत आणि निम्म्या-निम्म्या मापात कुढत बसतात. सीमा एकदा ६०-४० वर आणून बघा.

माउसने ओढायचंच असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: स्क्रीनच्या कडेला विंडोची कड टेकून भागत नाही, माउसचा बाण टेकावा लागतो. टेकला की फिकट चौकट दिसते. ती दिसल्यावरच बोट सोडा. कोपऱ्यात नेला तर चौथाई भाग मिळतो. कीबोर्डवरून चौथाईसाठी विंडोज + डावा बाण, आणि विंडोज की न सोडता लगेच वरचा किंवा खालचा बाण. लावलेली विंडो पूर्वीच्या आकारात हवी असेल तर तिची शीर्षकपट्टी धरून थोडी खाली ओढली की झालं.

विंडोज ११ मध्ये विंडोज + झेड दाबा, किंवा वर उजवीकडच्या चौकोनी मॅक्सिमाइझ बटणावर क्लिक न करता कर्सर नुसता थांबवा. मांडण्यांची छोटी पेटी उघडते. मांडण्यांवर आकडे दिसतात: पहिला आकडा दाबला की मांडणी ठरते, दुसऱ्याने त्या मांडणीतली जागा. तीन उभ्या रकान्यांची मांडणी तुमच्याकडे दिसत नसेल तर शोधत बसू नका. स्केलने भागून उरलेली रुंदी पुरेशी मोठी असेल तरच विंडोज ती देते, आणि बहुतेक लॅपटॉपवर ती उरत नाही. दिली तरी १४ इंचावर तीन रकाने वाचवत नाहीत. चार चौथायांचंही तसंच. चार फोटो किंवा चार आलेख बघायला त्या ठीक आहेत, वाचन-लेखनाला नाहीत.

एक विंडो वर, एक खाली लावायची असेल तर विंडोज ११ मध्ये विंडोज + आल्ट + वरचा बाण, तसाच खालचा. रुंद एक्सेल तक्ते एकमेकांशी ताडून बघायला ही मांडणी उत्तम, कारण महिन्यांचे सगळे रकाने आडवे दिसतात. मजकुराला ती निरुपयोगी. लॅपटॉपची उंची आधीच कमी, तिचेही दोन तुकडे होतात.

उंची वाचवायला मात्र बरंच काही करता येतं. ७६८ उंचीच्या स्क्रीनवर टास्कबार, टॅबची पट्टी, पत्त्याची पट्टी, बुकमार्कची पट्टी आणि वर्डचा रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) मिळून पाव-तृतीयांश जागा सहज खातात. वर्ड आणि एक्सेलमध्ये कंट्रोल + एफ१ ने रिबन गुंडाळतो आणि त्यानेच परत येतो. क्रोम-एजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + बी ने बुकमार्कची पट्टी जाते. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये बाजूला उघडलेला साधनांचा कप्पा बंद करा आणि कंट्रोल + २ दाबा; पान विंडोच्या रुंदीत बसतं. जागा वाढवायला एफ११ मात्र दाबू नका. त्याने ब्राउझर पूर्ण स्क्रीन घेतो आणि शेजारची विंडो त्याच्याखाली जाते.

न क्लिक करता स्क्रोल

दुभागलेल्या स्क्रीनवरची सर्वात मोलाची सोय हीच, आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. उजवीकडे वर्डमध्ये टाइप करत असताना माउसचा बाण नुसता डावीकडच्या पीडीएफवर नेऊन चाक फिरवा, किंवा टचपॅडवर दोन बोटं सरकवा. पीडीएफ सरकते, टायपिंगचा कर्सर वर्डमध्ये होता तिथेच राहतो. क्लिक करायचं नाही. क्लिक केलं की टायपिंग पीडीएफकडे जातं आणि पुढचं वाक्य हवेत विरतं.

हे चालत नसेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस इथे जाऊन कर्सर वर असताना निष्क्रिय विंडो स्क्रोल करण्याचा पर्याय सुरू करा. विंडोज १० मध्ये तो डिव्हायसेसखाली माउसमध्ये आहे. मॅकवर ही सोय मुळातच चालू असते.

लिहिण्याची जागा डावीकडून उजवीकडे न्यायची असेल तर आल्ट + टॅब एकदाच दाबून सोडा. शेवटच्या दोन विंडोंमध्येच ये-जा होते. विंडोज ११ मध्ये तिथे एजचे टॅबही दिसून गोंधळ होत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंगमध्ये आल्ट + टॅबमध्ये टॅब दाखवू नका असं निवडा. आणि चार-पाच तुकडे डावीकडून उचलून उजवीकडे टाकायचे असतील तर ते एकामागून एक कॉपी करा आणि उजवीकडे येऊन विंडोज + व्ही दाबा. कॉपी केलेले शेवटचे २५ तुकडे यादीत मिळतात. पहिल्यांदा ‘टर्न ऑन’ करावं लागतं, त्याआधी कॉपी केलेलं त्यात नसतं.

एकाच प्रोग्रामच्या दोन विंडो

‘क्रोममध्ये दोन टॅब आहेत, पण शेजारी लागतच नाहीत,’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. कडेला लावण्याची ही सोय, म्हणजे स्नॅप, विंडोला लागू होते, टॅबला नाही. दोन्ही टॅब एकाच विंडोत असल्याने विंडोजच्या दृष्टीने ती एकच वस्तू. टॅबवर राइट-क्लिक करून तो नव्या विंडोत हलवा, किंवा टॅब धरून खाली ओढून सोडा. आता दोन विंडो झाल्या, त्या लावा. एजमध्ये एकाच टॅबचे दोन भाग करायची स्वतंत्र सोयही आहे: लिंकवर राइट-क्लिक करून ती स्प्लिट स्क्रीनमध्ये उघडता येते. शोधाचे निकाल डावीकडे ठेवून एकेक पान उजवीकडे उघडत जायला ती फार सोयीची.

वर्डच्या एकाच लांब दस्तऐवजाची दोन ठिकाणं एकदम बघायची असतात, उदाहरणार्थ तळटीप आणि तिचा संदर्भ, किंवा करारातली व्याख्या आणि पुढचं कलम. त्यासाठी फाइलची दुसरी प्रत काढू नका, नाहीतर कोणती ताजी हे कळत नाही. व्ह्यू टॅबमध्ये न्यू विंडो घ्या. नावापुढे १ आणि २ लागतात, पण फाइल एकच असते. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे लगेच दिसतो. एक्सेलमध्येही हेच. त्यातच व्ह्यू साइड बाय साइड दाबलं की सिंक्रोनस स्क्रोलिंग चालू होतं आणि दोन्ही विंडो बरोबर सरकतात. मागच्या वर्षीची आणि या वर्षीची यादी ओळीला ओळ ताडून बघायची असेल तर हे वापराच. पण दोन्हींत एखादी ओळ कमी-जास्त असेल तर बंद करा, नाहीतर तिथून पुढे सगळंच एका ओळीने चुकतं.

काही कार्यालयांत एक्सेल २००७ किंवा २०१० अजून चालतं. तिथे दोन फाइल एकाच मोठ्या विंडोच्या पोटात उघडतात, त्यामुळे विंडोज + बाण दाबला की दोन्ही एकदम हलतात. प्रत्येक फाइलला स्वतंत्र विंडो एक्सेल २०१३ पासून मिळू लागली. जुन्यात व्ह्यू, अरेंज ऑल, व्हर्टिकल हा मार्ग घ्या.

फाइल एक्सप्लोररच्या दोन विंडो लावून पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर फाइल आणणं तर रोजचंच. विंडोज + ई दोनदा दाबा, एक डावीकडे, एक उजवीकडे. ओढून टाकण्याचा नियम तेवढा पक्का ठेवा: एकाच ड्राइव्हमध्ये ओढली तर फाइल हलते, एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ओढली तर प्रत निघते. सी ड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर प्रत निघेल, पण डेस्कटॉपवरून डॉक्युमेंट्समध्ये फाइल सरळ निघून जाईल. खात्री नसेल तिथे कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे प्रतच निघते. शिफ्ट दाबून ओढली तर हलतेच.

डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी

अनुवाद, टंकलेखन आणि फॉर्म भरणाऱ्या मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे. उजवीकडे मराठी टाइप करता-करता डावीकडे ब्राउझरमध्ये एखादा इंग्रजी शब्द शोधायला गेलं की तिथे देवनागरी उमटते. मग विंडोज + स्पेसने भाषा बदलायची, परत उजवीकडे आलं की पुन्हा बदलायची. विंडोज मुळात सगळ्या विंडोंना मिळून एकच कीबोर्ड धरते म्हणून हा त्रास होतो, आणि तो एका खुणेने जातो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असं जा. तिथे प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय आहे, त्यापुढे खूण करा. विंडोज १० मध्ये टाइम अँड लँग्वेजऐवजी डिव्हायसेसखालच्या टायपिंगमधून याच पानावर पोहोचता येतं, किंवा सेटिंग्जच्या शोधात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड असं टाइप करा. मग डावीकडच्या विंडोत एकदा इंग्रजी लावा, उजवीकडच्या विंडोत एकदा मराठी, इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक. त्यानंतर क्लिक करताच त्या-त्या विंडोची भाषा आपोआप येते. विंडो बंद करून पुन्हा उघडली तर एकदा नव्याने लावावी लागते, एवढंच.

उबुंटूमध्ये सेटिंग्ज, कीबोर्ड इथे प्रत्येक विंडोसाठी इनपुट स्रोत वेगळा ठेवण्याचा पर्याय आहे. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेसच्या एडिटमध्ये दस्तऐवजाप्रमाणे आपोआप भाषा बदलण्याचा पर्याय सापडेल. ही एक खूण लावली की अनुवादकाचे दिवसभरातले शंभरेक अनावश्यक दाब वाचतात.

मॅकबुकवर

मॅकवर दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की माणूस वैतागतो.

जुनी पद्धत स्प्लिट व्ह्यू, २०१५ च्या एल कॅपिटन या मॅकओएस आवृत्तीपासूनची. विंडोच्या हिरव्या बटणावर कर्सर थांबवा, डाव्या किंवा उजव्या बाजूला टाइल करण्याचा पर्याय घ्या, मग दुसरी विंडो निवडा. यात दोन्ही विंडो मिळून वेगळ्या पूर्ण स्क्रीनवर जातात, मेन्यूची पट्टी आणि डॉक लपतात. १३ इंची मॅकबुक एअरवर जागा वाचवायला ही चांगली. पण बाहेर पडताना एका विंडोचं हिरवं बटण दाबलं की तेवढीच विंडो परत येते. दुसरी तिच्या वेगळ्या स्पेसमध्ये, म्हणजे मॅकच्या वेगळ्या डेस्कटॉपवर, पूर्ण स्क्रीन होऊन राहते. ‘फाइल बंद झाली’ असं समजून घाबरू नका. कंट्रोल + वरचा बाण दाबून मिशन कंट्रोल उघडा, वरच्या ओळीत ती दिसेल. स्प्लिट व्ह्यूचा पर्यायच मिळत नसेल तर सिस्टिम सेटिंग्ज, डेस्कटॉप अँड डॉकमध्ये मिशन कंट्रोलखाली प्रत्येक डिस्प्लेला वेगळी स्पेस हा पर्याय चालू आहे का बघा. तो बंद असेल तर स्प्लिट व्ह्यू चालत नाही, आणि चालू केल्यावर लॉग आउट करून परत यावं लागतं.

नवी पद्धत २०२४ च्या सिक्वोया या आवृत्तीपासून. विंडो कडेला ओढली की अर्धा भाग घेते, मेन्यू आणि डॉक जागेवर राहतात. कीबोर्डवरून एफएन + कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण. पूर्वीच्या मापाला एफएन + कंट्रोल + आर. विंडोंच्या मध्ये आणि कडेला बारीक पट्टी सुटते. ती नको असेल तर डेस्कटॉप अँड डॉकमध्ये टाइल केलेल्या विंडोंना मार्जिन हा पर्याय बंद करा. लहान स्क्रीनवर तो बंद केलेलाच बरा. सिक्वोयापूर्वीच्या मॅकओएसवर रेक्टँगल हे मोफत ॲप हीच सोय देतं.

मॅकवर कमांड + टॅब ॲप बदलतं, विंडो नाही. म्हणून क्रोमच्याच दोन विंडो शेजारी असतील तर त्याने ये-जा होत नाही. एकाच ॲपच्या विंडोंमध्ये फिरायला कमांड आणि एकच्या डावीकडची ` ही की.

उबुंटूवर सुपर + डावा किंवा उजवा बाण; सुपर म्हणजे विंडोजच्या खुणेची की. क्रोमबुकवर आल्ट + [ डावीकडे आणि आल्ट + ] उजवीकडे.

जोडी मोडू नये म्हणून

तिसरी विंडो उघडली की ती दोन्हींवर बसते. विंडोज ११ मध्ये टास्कबारवरच्या आयकनवर कर्सर थांबवा. एकट्या विंडोबरोबर जोडीचंही चित्र दिसतं, त्यावर क्लिक केलं की दोन्ही बरोबर वर येतात. विंडोज १० मध्ये जोडी लक्षात ठेवली जात नाही, दोन्ही आयकन एकेक करून दाबावे लागतात.

त्याहून भक्कम उपाय म्हणजे प्रत्येक जोडीला वेगळा डेस्कटॉप. विंडोज + कंट्रोल + डी ने नवा डेस्कटॉप उघडतो, विंडोज + कंट्रोल + डावा-उजवा बाण दाबून त्यांच्यात फिरता येतं. एकावर अनुवादाची जोडी, दुसऱ्यावर मेल आणि बाकीचं. विंडोज + टॅब दाबून डेस्कटॉपच्या नावावर राइट-क्लिक केलं की त्याला नावही देता येतं. डेस्कटॉप विंडोज + कंट्रोल + एफ४ ने बंद केला तरी त्यावरच्या विंडो बंद होत नाहीत, शेजारच्या डेस्कटॉपवर जातात.

दोन विंडो शेजारी लावल्याने लॅपटॉप मंद होतो हा समज चुकीचा आहे. मेमरी लागते ती प्रोग्राम उघडे असण्याला. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अडखळत असेल तर क्रोममधले नको असलेले टॅब बंद करा.

काही केल्या लागत नसेल तर

विंडोज + बाण दाबून काहीच होत नसेल तर आधी विंडोज की एकटी दाबून स्टार्ट मेन्यू उघडतो का बघा. उघडत नसेल तर की कुलूपबंद आहे. खेळांसाठीच्या कित्येक लॅपटॉपवर एफएन + विंडोज की दाबल्याने ती बंद होते आणि त्यानेच चालू होते. स्टार्ट उघडत असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंगमध्ये स्नॅप विंडोज चालू आहे का तपासा. उरलेल्या अर्ध्यात विंडोंची चित्रं येत नसतील तर त्याचीच खालची खूण काढलेली असते.

एखादीच विंडो लागत नसेल तर तिच्या वरच्या कोपऱ्यातलं मॅक्सिमाइझ बटण फिकट आहे किंवा नाहीच, असं आढळेल. अशा ठरावीक मापाच्या विंडो आणि प्रिंट, सेव्हसारखे संवादचौकोन दुभागणीत बसत नाहीत. तिला जागेवर ठेवा आणि दुसरी विंडो कडेला लावून उरलेल्या जागेत ती हाताने सरकवा. विंडो लागते पण शेजारच्या विंडोवर थोडी चढते, असं झालं तर त्या प्रोग्रामने स्वतःची किमान रुंदी ठरवलेली आहे. मधली सीमा दुसऱ्या विंडोकडे सरकवून त्याला जास्त जागा दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

ऑनलाइन मीटिंगमध्ये डावीकडे मीटिंग आणि उजवीकडे टिपणं असताना स्क्रीन शेअर करायची वेळ आली तर ‘एंटायर स्क्रीन’ निवडू नका, ‘विंडो’ निवडा. नाहीतर तुमची टिपणं आणि वर येणारे मेसेज सगळ्यांना दिसतात. विंडो शेअर केल्यावर ती छोटी करून ठेवू नका, मिनिमाइझ केली की समोरच्यांना चित्र थांबलेलं किंवा काळं दिसू शकतं.

बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडला असेल तर विंडोज + पी दाबून एक्स्टेंड निवडा. डुप्लिकेटवर ठेवलं तर दोन्हीकडे तेच दिसतं आणि जागा वाढत नाही. एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर विंडो न्यायला विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण. दोन स्क्रीनच्या मधल्या कडेला माउसने विंडो लावणं अवघड जातं, बाण टेकण्याऐवजी पलीकडे घसरतो. तिथे विंडोज + बाणच वापरा. आणि डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही पडद्यांची चित्रं टेबलावर ते जसे मांडले आहेत त्याच क्रमाने ओढून ठेवा, नाहीतर डावा बाण विंडो उजवीकडे नेईल.